रॉयसला बघायला आलेल्या बायका

"व्हर्ना, बसलायत ना?" फोनवर सरकारी वकील मिस ऑलब्रिटन होत्या. "रॉयस हॅगर्टी गेला. तुरुंगात, झोपेतच."

व्हर्ना प्रूइट इस्पितळाच्या लाँड्रीत उभी होती. हातातली ओली चादर घसरून खाली पडली.

"मग सोमवारी माझी साक्ष?"

"आरोपीच नाही, तर खटला कुठला? न्यायाधीश आरोप रद्द करतील. कायद्याच्या लेखी तो दोषी ठरलेलाच नाही."

"म्हणजे सुटला मेला."

व्हर्नानं फोन ठेवून दिला.

व्हर्ना विशीत असताना याच रॉयसनं तिला नोकरीचं आमिष दाखवून टोलेडोला आणलं होतं आणि हमरस्त्यावरच्या मोटेलांमधून वर्षानुवर्षं विकलं होतं. हे सगळं कोर्टात उच्चारता यावं म्हणून ती महिनोन्‌महिने आरशासमोर बोलत आली होती. पण आता दुसरीच धास्ती लागली. मागे एकदा स्वतःच्या मरणाची आवई उठवून त्यानं पळालेल्या मुली निर्धास्त होताच हुडकून काढल्या होत्या. डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला झोप येणार नव्हती.

शनिवारी दुपारी अंत्यदर्शनाच्या खोलीच्या दारात त्याची म्हातारी आई उभी होती.

"तू कोण गं, बाळ?"

"त्याच्याकडं... कामाला होते."

"तूही? सकाळपासून नुसत्या बायकाच येतायत. किती जणींना पोसलं माझ्या लेकानं! रडत मात्र कुणीच नाही बघ."

आत ऑर्गन मंद वाजत होता. खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या, एकमेकींपासून लांब लांब, अंगातले कोटही न काढता. सगळ्यांची नजर उघड्या शवपेटीवर खिळलेली. जणू नजर हलली की तो उठेल.

व्हर्ना जवळ गेली. त्याला कुणीतरी त्याचंच अत्तर लावलं होतं. पूर्वी आधी हा वास यायचा, मग दार उघडायचं. पावडर लावलेल्या त्या चेहऱ्यावर ओठांचा एक कोपरा किंचित वर उचललेला होता. ती वाट बघत राहिली. पापणी हलली नाही.

"माझं नाव व्हर्ना जीन प्रूइट," ती पुटपुटली. "या माणसानं मला..."

"जरा मोठ्यानं बोल," मागच्या खुर्च्यांतून एका बाईचा घोगरा आवाज आला. "इथवर ऐकू येत नाही."

व्हर्नानं प्रेताकडं पाठ केली आणि त्या बायकांकडं तोंड करून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.