झेब्र्याने रागवायचं नसतं

मी एक जुना झेब्रा आहे. माझ्या कुळाने बोलिव्हियातल्या ला पाझ शहराला शिस्त लावली. म्हणजे लावायची होती. आणि झेब्रा तरी कसला, झेब्र्याचा पोशाख: खोटी लोकर, डोक्यात स्पंज, पाठीला चेन. इथे रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांना कुणी विचारत नाही. म्हणून तरुण पोरं आम्हाला अंगात घालून चौकात नाचतात, गाड्या थांबवतात आणि माणसांना पलीकडे पोचवतात.

कार्निव्हलचे पोशाख शिवणाऱ्या शिंप्याने मला अस्वलांच्या पोशाखांतून उरलेल्या कापडात शिवलं. सुरुवातीला फार कौतुक झालं. मुलं मिठ्या मारत. पुढे कौतुक सरलं, मिठ्या उरल्या. मित्रांनो, तेलकट हातांची मिठी धुतल्याने जात नाही.

आमचा नियम एकच: झेब्र्याने रागवायचं नाही. पायावरून चाक गेलं तरी कमरेत वाकून नमस्कार करायचा. तोंडातून शब्द निघाला तर पोशाख उतरवून घरी. आतली माणसं घरी जाऊन राग विसरत असतील. माझ्या स्पंजात तो मुरत राहिला.

दुपारी मला येसेनिया घालायची. या कामावर तिचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं. तिला एक ताकीद आधीच मिळाली होती. एका ड्रायव्हरला ती "आंधळा आहेस का?" म्हणाली होती. तो आंधळा नव्हता, म्हणून तक्रार झाली. आता आणखी एक शब्द, की शिक्षण संपलं.

अशात टॉर्बेन आला. "मी टॉर्बेन, डेन्मार्कहून," असं त्याने मलाच हात हलवून सांगितलं. त्याचा इथला पहिला दिवस आहे हे न सांगताही कळत होतं. इथल्या उंचावरच्या विरळ हवेत चार पायऱ्या चढला की धापा टाकत विजेच्या खांबाला मिठी. नव्या कानटोपीला किमतीची चिठ्ठी. शर्टावर सालतेन्याचा रस्सा, कारण ती करंजी आधी चोखायची असते आणि हा सरळ चावला होता.

पांढरे पट्टे पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याच्या देशात पट्ट्यावर पाऊल पडलं की गाड्या थांबतात म्हणे. फोन डोळ्यांसमोर धरून तो चालू लागला. उतारावरून मिनिबस सुटली होती.

येसेनियाने उडी मारली. टॉर्बेन फुटपाथवर, ती त्याच्यावर, आणि माझं शेपूट चाकाखाली.

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "ए झेब्रा, शेपूट आवर की! काच फुटली असती माझी!"

"चला हो मास्तर," दारात लटकलेली कंडक्टरबाई ड्रायव्हरला म्हणाली. "नाचतेय ती. रोजचंच आहे त्यांचं."

टॉर्बेन उठला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. "फार छान! पुन्हा कराल? रेकॉर्डिंग राहिलं."

इतक्या वर्षांचा राग येसेनियाच्या आवाजात माझ्या पुठ्ठ्याच्या तोंडातून बाहेर पडला.

"नाच? अरे बाबा, मेला असतास! पहिल्याच दिवशी, शर्टावरचा रस्सा वाळायच्या आत! आणि मास्तर, तुम्ही हो! ब्रेक काय देवळात नवसाला ठेवून आलात? पट्टे दिसत नाहीत? हे घ्या, माझ्या अंगावर आहेत, बघा डोळे फाडून!"

चौक गप्प झाला. हॉर्नसुद्धा. एवढी शांतता माझ्या नाचाने कधी झाली नव्हती.

संध्याकाळी आमच्या मुकादम रेमेडिओस, ज्यांना सगळे मानाने 'दोन्या' म्हणतात, येसेनियासमोर उभ्या राहिल्या.

"बोललीस?"

"थोडंसं, दोन्या."

"थोडंसं? वरच्या बाजारात ऐकू गेलं म्हणे." त्यांनी माझी उसवलेली पाठ चाचपली. "झेब्रा म्हणून हा आता चालायचा नाही. आणि तूही नाहीस."

येसेनिया डोळे पुसत चेन उघडू लागली.

"रडतेस काय? राखाडी रंग घेऊन ये."

आमच्यात एक गाढवाचा पोशाखही असतो. रस्त्यावर कसं वागू नये हे गाढव वाईट वागून दाखवतं: आडवं येतं, ढकलतं, ओरडतं. ती जागा रिकामीच होती. पगार तोच, पण गाढव व्हायला कुणी तयार नव्हतं.

मित्रांनो, रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघा. तुमच्यासाठी कुणी चाकासमोर उडी मारली तर टाळ्या वाजवू नका. मिठी मारायचीच असेल तर आधी हात पुसा.

आता मी गाढव आहे. रंग घाईत दिल्यामुळे जुने पट्टे रंगाखालून दिसतात. येसेनिया मनसोक्त ओरडते. पहिल्याच दिवशी तो मिनिबसवाला चक्क पट्ट्यांच्या अलीकडे थांबला.

त्याला गाढवाबरोबर फोटो हवा होता.