ओट्यावरचं ऊन

आमच्या घरात आहारतज्ज्ञ एकच, माझा नवरा. दहावीला विज्ञानात जेमतेम पस्तीस मार्क पडले होते, पण तीन वर्षांपूर्वी मुलाने, नवनीतने, मोबाइल घेऊन दिला आणि आमच्या लोटन पाटलांना सगळं शरीरशास्त्र एकदम कळलं. तेव्हापासून घरात साखर, मैदा आणि गोळ्या बंद. दादर ज्वारीची भाकरी, नागली म्हणजे नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला सुरू. चांगलंच झालं, खोटं कशाला बोलू? त्यांची ॲसिडिटी गेली. फक्त ती कशी गेली, हे तळोद्याच्या बसमध्ये शेजारी बसेल त्याला ऐकावं लागतं.

दिवाळीनंतर आमच्या सुनेचे, चेतनाचे, पाय दुखायला लागले. सव्वीस वर्षांची पोर, पण पाटावरून उठताना भिंत धरायची. यांनी लगेच उपचार सुरू केले. सकाळी नागलीची आंबील, दुपारी तिळाची चटणी, संध्याकाळी शेवग्याच्या पाल्याची भुकटी. चेतना बिचारी मुकाट्याने गिळायची आणि पाय दुखायचे ते दुखायचेच. एक दिवस ती चुलीपाशी मला हळूच म्हणाली, "आई, मन्हा पाय उचलतच नहीत."

तिला तळोद्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. खाण्यात कॅल्शियम भरपूर होतं, पण ते अंगी लागायला जे ड जीवनसत्त्व लागतं तेच नव्हतं. तीसच्या वर हवं, निघालं आठ. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली आणि रोज अर्धा तास हातापायांवर ऊन. कपड्यांवरून नाही, कातडीवर, असं दोनदा बजावलं.

पुडी आमच्या तज्ज्ञांना पटली नाही. "पुडी कसाले? सूर्यनारायण फुकट दी ऱ्हायना," म्हणत त्यांनी सगळ्या पुड्या कपाटात ठेवून दिल्या. मग रोज मला विचारायचे, "सूनबाईनी ऊन लिधं का?" सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, म्हणून मी आत जाऊन विचारायची, ती हो म्हणायची, मी बाहेर येऊन सांगायची.

होळीच्या तोंडावर पुन्हा रक्त तपासलं. आठाचे नऊ झाले होते. यांचा चेहरा उतरला. नागलीवर नाही, थेट सूर्यावरच शंका आली. "आजकालना ऊनमा दम नही ऱ्हायना," म्हणाले. नंदुरबार जिल्ह्यात, मार्च महिन्यात.

माझी सटकली. आमच्या घरी ऊन येतं ते सकाळीच आणि एकाच जागी, कंपाउंडच्या आतल्या पुढच्या ओट्यावर. मागे शेजाऱ्यांचा दुमजली बंगला, वर पत्रे. आणि ओट्यावर सकाळी आठपासून अकरापर्यंत खाट टाकून हे, सोबतीला पेपर आणि त्यांचे मित्र गिरधरभाऊ. तिथे सासऱ्यासमोर सून बाह्या वर करून, पाय पसरून बसणार कशी? ती गोठ्यात जायची आणि डोक्यावर पदर घेऊन एका कवडशात उभी राहायची. सगळं जीवनसत्त्व साडीला मिळत होतं.

हे मी त्यांना गिरधरभाऊंसमोरच सांगितलं. वर म्हटलं, "सूर्यमा दम शे. तुम्ही त्यावर बठेल शेतस."

हे उठले. कपाटातल्या पुड्या माझ्या हातात दिल्या आणि दिवसभर पेपर न उघडता बसून राहिले. मला जरा वाईट वाटलं, पण जराच.

दुसऱ्या दिवशी वाटलं, आता हे पारावर जातील. पण ओटा सोडतील ते लोटन पाटील कसले? खाट तिथेच होती, फक्त फिरवलेली. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. गिरधरभाऊ आले, त्यांनाही तसंच बसवलं. मग मला मध्ये न घालता पहिल्यांदा थेट तिलाच हाक मारली, "सूनबाई, ये, आठे बठ. आम्हले आते भिंत वाचनी शे."

चेतना दारात बराच वेळ घुटमळली. मग बाहेर आली आणि पायरीच्या बाजूला बसली. पहिल्या दिवशी फक्त मनगटं उघडी झाली. आठवड्याभरात बाह्या वर गेल्या, पदर खांद्यावर आला. मे महिन्यात ती भिंत न धरता उठायला लागली. श्रेय पुडीचं की उन्हाचं हे आता बसमधल्या लोकांनाच विचारा, त्यांना नागलीचं म्हणून सांगितलंय.

एक दिवस चेतना म्हणाली, "आई, तुम्हीबी या ना."

"माले काम शे," मी म्हटलं. काम काही नव्हतं. या ओट्यावर चाळीस वर्षं मी झाडू मारला, पापड वाळवले, पण बसले कधीच नव्हते. ते तिने बोलावलं तेव्हा कळलं आणि मला माझ्याच सुनेचा चक्क हेवा वाटला.

हे भिंतीला म्हणाले, "ती काय बठस? मन्हा बाप जाईसन एकोणीस वरीस व्हयनात, तरी ती आजून त्याले लाजस."

गिरधरभाऊ हसले. मला हसू आलं नाही. मी पदर खांद्यावर टाकला आणि चेतनाच्या शेजारी पाय पसरून बसले. फरशी चांगलीच तापली होती.