टीव्हीवरच्या भाड्याच्या खोल्या

माझ्या सासऱ्यांच्या घरात टीव्ही आहे, टॅब आहे, लॅपटॉप आहे, माणशी एक फोन आहे, आणि या सगळ्यांवर मिळून खातं मात्र एकच. तेही सासऱ्यांच्या नावाचं. घरात नवीन वस्तू आली की आधी त्यांच्या हाती जाते. ते तिच्यात आपलं खातं उघडतात, मगच ती ज्याची त्याला मिळते. "एका घरात दोन खाती कशाला? आपल्यात काय लपवाछपवी आहे?" कारखान्यात जन्मभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेला माणूस. त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी ऑफिसात एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. बायकोने ही गोष्ट कौतुकाने माहेरी सांगितली, आणि तेव्हापासून त्या घरचं इंटरनेट माझ्या गळ्यात पडलं आहे. जावयाचा मान म्हणतात तो माझ्या वाट्याला एवढाच आला.

या वेळची तक्रार वेगळी होती. टीव्ही भाड्याच्या खोल्या दाखवत होता. बातम्या लावल्या की आधी खोलीची जाहिरात, बातम्या संपल्या की 'छोट्या खोलीत सामान कसं लावावं'. सासऱ्यांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि आवाज खाली आणला.

"जावईबापू, हा मुलगा मला घराबाहेर काढतोय."

मुलगा म्हणजे माझा मेहुणा. तो त्याच घरात राहतो. कुणाला बाहेर काढायला जो उत्साह लागतो, तो मी त्याच्यात आजवर पाहिलेला नाही. पण हे सासऱ्यांना सांगून उपयोग नव्हता.

"तुम्ही त्याला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? सगळ्या खोल्या एका माणसापुरत्या आहेत. म्हणजे आईला ठेवून घेणार आणि मला पाठवणार." आठवडाभर ते मुलाबरोबर जेवायला बसले नव्हते. माणूस तिरसट खरा, पण घाबरलेला म्हातारा बघवत नाही. मला वाईट वाटलं.

म्हटलं, कुठल्या फोनवरून शोधाशोध चालली आहे ते बघून सांगतो. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसलो, कारण इंटरनेट तिथेच धड चालतं. शोध सगळे दुपारचे होते, मेहुणा कामावर आणि सासरे झोपलेले असतानाचे. 'स्वतंत्र नळ.' 'तळमजला.' 'एकटी बाई चालेल.' ज्या फोनवरून ते झाले होते, तो समोर ओट्यावर पडला होता. शेजारी सासूबाई पातेली पुसत होत्या.

"आई, या खोल्या तुम्ही बघताय?"

"हो. का?"

"बाबांना टीव्हीवर दिसतायत. खातं एकच आहे ना. त्यांना वाटतंय, मुलगा त्यांना घराबाहेर काढतोय."

त्यांनी हातातलं पातेलं जागेवर ठेवलं. "त्या पोराला कशाला त्रास," म्हणाल्या, आणि हात पुसत बाहेर गेल्या. मी मागोमाग गेलो.

"अहो, त्या खोल्या मी बघत होते. त्याला बोल लावू नका."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, त्याबरोबर त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"तू होय. हात्तिच्या. आणि मी इकडे जीव टांगणीला लावून बसलोय." त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून मेहुण्याला हाक मारली. "ये रे, आज बरोबर जेवू."

खोली कशाला बघतेस, हे त्यांनी विचारलं नाही. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. विचारलं असतं तर त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ असावं, इतका वेळ त्या थांबल्या. मला सासऱ्यांचा मघाशी आलेला कळवळा पार ओसरला. अरे, एवढी शहाणी बाई समोर उभी आहे, एक शब्द विचारायला काय होतं?

सासऱ्यांनी रिमोट उचलला. बातम्यांआधी पुन्हा एक खोली आली, पांढऱ्या भिंतींची, एका खिडकीची.

"जावईबापू, ही कटकट आता कायमची बंद करा बघू. परत खोल्या दिसायला नकोत."

"नाही दिसणार," सासूबाई म्हणाल्या. "मला मिळाली."