उतू जायचं दूध

या, असे पुढे सरका. तिकडे खांबाआड बसलात तर अर्धं ऐकाल आणि घरी जाऊन भलतंच सांगाल. बंगळूरजवळच्या केंगेरीतल्या एका बिऱ्हाडाची गोष्ट सांगतो. मी भिंतीपलीकडचा भाडेकरू, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं.

उमाजी चामराजपेटेतला, गिरणीत कामाला. घरमालकाने घर सोडायला लावलं. बायको सकवारबाईला सातवा महिना आणि शहरात जागा मिळेना, म्हणून बिचारा गावाबाहेर केंगेरीला आला. इथे मालकीण रंगम्मा! भिंतीला खिळा ठोकायचा नाही. पहाटे विहिरीचा रहाट वाजवायचा नाही. मूल रडता कामा नये.

"सरी अक्का," उमाजी म्हणाला. जन्माला न आलेल्या पोराच्या वतीनेही कबूल झाला!

"आणि भजन मनातल्या मनात."

माझ्यासारख्या भजनवेड्याने हे कसं सोसावं! पण काय करणार, मीही भाडेकरूच.

शेवटची अट इकडच्या रिवाजाची. नव्या घरात आधी दूध उतू जायला हवं, तेही पूर्वेकडे, मगच किल्ली. शिवाय नुकत्याच घोटलेल्या लाल जमिनीवर डाग नको.

"अक्का, उतूही जायचं आणि डागही नको, कसं जमायचं?"

"ते तुम्ही बघा, अण्णा."

सामान आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या, मग आषाढ. आषाढात इकडे कुणी बिऱ्हाड हलवत नाही. म्हणजे आज किल्ली नाही मिळाली तर थेट श्रावण, आणि जुन्या घरात तर नवे लोक शिरलेलेही. अशी अवघडलेली बाई न्यायची कुठे? दारात सामानाचा जटका, म्हणजे घोडागाडी, उभा. "उतरवू की परत नेऊ?" जटकेवाला सारखा ओरडत होता.

चूल पेटली. उमाजीची आई भागुबाई शेजारी बसली. दूध फुगलं, काठाला टेकलं, आता जाणार... आणि भागुबाईंनी पदराने पातेलं झटक्यात खाली उतरवलं!

"आई! काय केलंस हे?"

"अरे, सांडलं असतं की!"

रंगम्मांनी किल्ली कमरेला खोचली. "अपशकुन झाला. श्रावणात या."

उमाजीने कपाळावर हात मारला. देवा, परीक्षा घ्यावी, पण किती! सकवारबाई मात्र उठली. "अक्का, थेंबही सांडला नाही. पुन्हा ठेवते." मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही जटक्यात जाऊन बसा बघू."

आता दूध रुसलं. हलेच ना. बाहेरून भागुबाईंचा धोशा चालूच, "अगं, जाळ कमी कर, उतू जाईल!"

"जाऊ दे गं आई!" उमाजी खेकसला.

आणि दूध आलं. एकदम आलं. तसा एक हात पातेल्याकडे झेपावला. कुणाचा? रंगम्मांचा! सकवारबाईने तो मनगटाशी घट्ट धरला. दूध उतू गेलं. पूर्वेला गेलं, पश्चिमेला गेलं, लाल जमिनीवरही गेलं.

रंगम्मा आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांना असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. त्याच हाताने त्यांनी किल्ली दिली. "आधी डाग पुसा," तेवढं म्हणाल्याच.

डाग भागुबाईंनी पुसला, चुकचुकत, जन्मभराचं नुकसान झाल्यासारखा. उरलेल्या दुधाची खीर मलाही आली. त्या माउली आता नाहीत. तुमच्या घरी दूध वर येईल आणि हात आपसूक पुढे जाईल, तेव्हा एवढंच करा, आमच्या भागुबाईंची आठवण काढा.