हिरवं झालं का?

सायरबाईंचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तसं काही झालेलंच नाही. आषाढ चालू आहे, रविवारचे सकाळचे नऊ वाजलेत, आणि सायरबाई, म्हणजे माझी दादी, दोन्ही पायांवर ठणठणीत उभी आहे. सावद्यात केळीच्या एका रिकाम्या गोदामात, सहाशे माणसांसमोर, हातात माईक धरून ती सांगतेय की तिला आज सकाळी हिरवं झालं.

"किती हिरवं, माताजी?" हरितानंद महाराजांनी विचारलं.

"पालकासारखं."

गोदामाच्या पत्र्याला हादरे बसतील अशा टाळ्या पडल्या. आयुष्यभर पोटाचा विषय सुनांसमोरही न काढणारी माझी दादी त्या टाळ्यांनी लाजली, पण खाली बसली नाही.

"विष कुठं गेलं?" महाराज ओरडले.

"बाहेर!" सहाशे माणसं ओरडली.

"रंग कुठला?"

"हिरवा!"

हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा माझ्या शेजारचं एक तान्हं मूल रडायला लागलं. त्या गर्दीतली सगळ्यात शहाणी प्रतिक्रिया तीच होती.

महाराज चार महिन्यांपूर्वी धुळ्याकडून आले. सोबत काचेच्या बरण्या, आणि बरण्यांत हिरव्यागार गमी, म्हणजे जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या, पानाच्या आकाराच्या. दिवसाला आठ खायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. बस. कुंडली नाही, अंगारा नाही. ज्याला त्याला पुरावा आपापल्या घरात मिळत होता, तोही कडी लावून.

आणि महाराजांना सावदा कळलेलं होतं. "माणूस म्हणजे काय?" ते म्हणायचे. "माणूस म्हणजे चालती केळ! केळीचं पान पिवळं पडलं तर तुम्ही लॅबचा रिपोर्ट मागता का? नाही! पान बघता! हिरवं तर बाग चांगली, पिवळं तर बाग गेली. मग स्वतःच्या बाबतीत डॉक्टरचा कागद कशाला बघता? रंग बघा!"

आमचं कृषी केंद्र आहे. पान पिवळं पडलं म्हणून दिवसाला वीस माणसं दुकानात येतात, पान खिशातून काढून काउंटरवर ठेवतात आणि आम्ही खताची पिशवी काढून देतो. त्यामुळे हे बोलणं लोकांना किती आतपर्यंत गेलं असेल ते मला समजत होतं. मी काउंटरमागे उभा राहून हसत होतो, एवढंच.

भटूआबा आमचे जुने गिऱ्हाईक, आठ हजार खोडं केळी. त्यांना मी विचारलं, "आबा, तुम्हाला झालंय काय?"

"मले कुठी काय झालंय? मी ठणठणीत हाये."

"मग गमी कशाला खाता?"

"अरे संयम, ठणठणीत हाये तरी इतकं हिरवं होऊन राह्यलं. म्हंजे पाह्य, आत किती विष असंल!"

या उत्तरावर मी इतका खूश झालो की संध्याकाळी गंमत म्हणून 'हिरवळ' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि आबांना ॲडमिन केलं. चार दिवसांत तीनशे बारा सदस्य झाले. गंमत कोणालाच कळली नाही. रोज सकाळी उगवत्या सूर्याचे फोटो पाठवणारी सभ्य माणसं आता वेगळेच फोटो पाठवू लागली. मी फोटो आपोआप उतरवून घेणं बंद केलं आणि ग्रुप चालू ठेवला. मला वाटत होतं, मी प्रेक्षक आहे.

दादीला बावीस वर्षांची शुगर. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. महाराजांनी तिला व्यासपीठावरच सांगितलं, "माताजी, सुई बंद! सुई विषाला आत ढकलते. आतून बाहेर आणि बाहेरून आत, अशा दोन गाड्या एका रुळावर कशा चालतील?" लोक हसले. दादीही हसली. त्या दिवशी फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन आमचूरच्या डब्यामागे गेलं आणि पुढे बरणी आली.

पप्पांना मी सांगितलं. ते म्हणाले, "तिला बरं वाटतंय ना? मग वाद नको."

बरं वाटतच होतं. तहान फार लागायची, पण आम्ही जैन, दादी सूर्य मावळल्यावर पाणी पीत नाही. ती सकाळपर्यंत थांबायची आणि उजाडलं की उकळून गार केलेलं पाणी तांब्यामागून तांब्या प्यायची. "आत धुतलं जातंय," म्हणायची. वजन उतरलं, तर बायका विचारायला आल्या, कसं उतरवलं म्हणून. श्रावणात ती रोज अनवाणी स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळी, जायची. एक दिवस डाव्या अंगठ्याखाली खडा रुतला, फोड आला. मी म्हटलं, दाखवू. ती म्हणाली, "दुखतच नाही रे. आधी साधा काटा गेला तरी जीव जायचा. आता बघ!" तिने अंगठा दाबून दाखवला. खरंच दुखत नव्हतं. महाराजांनी याचीही साक्ष घेतली. टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात ज्योत्स्ना मॅडम दुकानात आल्या. मॅडम हायस्कूलला विज्ञान शिकवतात. मी ही गोष्ट त्यांना विनोद म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"फोड आहे, शुगर आहे, सुई बंद आहे, आणि दुखत नाही?"

"हो. मजा आहे ना?"

"संयम, दुखत नाही म्हणजे नस मेलीय. पायाला आग लागली तरी त्यांना कळणार नाही."

मी दादीला दवाखान्यात चल म्हणालो. ती म्हणाली, "तू कधी खरं बोलतोस आणि कधी मस्करी करतोस ते मला कळत नाही."

मॅडमनी ठरवलं, मुळाशीच जायचं. त्यांनी जळगावहून केकवाल्यांच्या दुकानातून पानांपासून केलेला खाण्याचा हिरवा रंग आणला, साखर आणि घट्ट करणारं पेक्टीन घालून घरी गमी पाडल्या, आधी स्वतः तीन दिवस खाल्ल्या, मग महाराजांच्याच दहा भक्तांना त्यांच्या गोळ्यांऐवजी दिल्या. लपवाछपवी नाही. "या मी केल्यात, माझ्या गॅसवर," असं सांगूनच दिल्या. पुढच्या रविवारी त्या गोदामात उभ्या राहिल्या.

"ज्यांनी या आठवड्यात माझ्या गोळ्या खाल्ल्या त्यांनी हात वर करा. हिरवं झालं?"

दहाही हात वर.

"मी मंत्र म्हटला नाही. उपास केला नाही. साखर आणि रंग, एवढंच होतं. म्हणजे काय सिद्ध झालं?"

मला वाटलं, संपलं. मग पहिल्या रांगेतून भटूआबा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "म्हंजे मॅडमलेबी सिद्धी हाये!"

अकरा बायका मॅडमच्या पाया पडल्या. महाराजांनी उदार मनाने त्यांना व्यासपीठावर खुर्ची देऊ केली. मॅडम मागच्या दाराने घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फाटकापाशी रिकाम्या बरण्या घेऊन माणसं उभी होती.

मी हे ग्रुपवर टाकणार होतो. टाकलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला आमच्या घरात एक वास आला, गोडसर, पावसाळ्यात पिशवीत विसरलेल्या केळ्यांसारखा. मी फ्रिज बघितला, मोरी बघितली. दादी पायाला फडकं बांधून जप करत बसली होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

मग पर्युषण लागलं. हे आठ दिवस आमच्या घरात हिरवं काही शिरत नाही. भाजी नाही, कोथिंबीर नाही. पहिल्या सकाळी दादीने बरणीकडे बघितलं आणि बाजूला सारली.

"हे औषध आहे, आई," पप्पा म्हणाले. "औषधाला चालतं."

"महाराज स्वतः सांगतात पानाचा अर्क आहे. पान ते पान. आठ दिवस नाही."

नवव्या दिवशी, म्हणजे संवत्सरी झाल्यावर सगळ्यांची क्षमा मागून झाली तेव्हा, दादीने पुन्हा आठ गमी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती संडासातून दाराला धरून बाहेर आली.

"संयम, त्या मास्तरीणबाईंना बोलाव. साखरेचं मशीन घेऊन."

मॅडम आल्या, बोट टोचलं. मशीनने आकडा दिलाच नाही. आकडा मोजण्यापलीकडे गेला की ते मशीन इंग्रजीत नुसतं 'हाय' म्हणतं. एरवी मी यावर विनोद केला असता.

"आत्ता जळगावला निघायचं," मॅडम म्हणाल्या.

"आधी गोदाम. आज रविवार आहे."

"दादी, एक तासही—" मी म्हणालो.

"सहाशे लोकांपुढे मी साक्ष दिली. त्यांची क्षमा मागायची राहिली. ते केल्याशिवाय मी कुठेही येणार नाही."

रिक्षातून नेलं. मी आणि पप्पांनी दोन्ही दंड धरून तिला व्यासपीठावर चढवलं. महाराजांना वाटलं, नवी साक्ष आहे. त्यांनी माईक पुढे केला.

"मिच्छामि दुक्कडम्," दादीने हात जोडले. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. माहीत नव्हतं, पण खोटंच होतं. पर्युषणात मी ही गोळी खाल्ली नाही. दोन-तीन दिवसांत हिरवं बंद झालं."

"कारण विष संपलं!" महाराज लगेच म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या.

"मलाही तसंच वाटलं." दादी टाळ्या थांबेपर्यंत थांबली. "मग परवा परत आठ खाल्ल्या. आज परत हिरवं. दोन दिवसांत एवढं विष कुठून आलं? का विषानंही आठ दिवस पर्युषण केलं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि विष गेलं असेल," दादी खुर्चीवर बसली आणि पायाचं फडकं सोडायला लागली, "तर हे काय आहे, ते महाराजांनी सांगावं."

वास आधी पहिल्या रांगेपर्यंत गेला, मग तिसऱ्या. अंगठा काळा होता. पाऊल काळं होत होतं. हिरवं कुठेच नव्हतं.

भटूआबा उठून जवळ आले. आयुष्यभर केळीची खोडं तपासलेला माणूस. त्यांनी वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "माय व, हे तं सडलं." मग महाराजांकडे वळले. "बोल ना रे. रंग पाह्य अन् सांग."

आबांच्या मागे आणखी दहा-पंधरा जण उठले. महाराजांची शुद्ध मराठी तेवढ्यात गळून पडली आणि खालून शिंदखेड्याकडची अहिराणी वर आली.

"माले मारू नका! मी हितेंद्र शे, नरडाणाले गोळ्यास्नी कंपनीमा व्हतो! एक लॉटना आकार बिघडना, आम्ही सगळा खाई ग्यात, अन् सगळासले हिरवं व्हयनं. डॉक्टर हासना. म्हने, तो रंग शे, पचत नही, जसा ना तसा निंघी जास. तठेच माले सुचनं."

मॅडमनी माईक घेतला. वाक्यं वर्गातलीच होती. "पानातल्या हिरव्या द्रव्यात मॅग्नेशियम असतं. ते काढून तिथे तांबं बसवलं की रंग पक्का होतो, गोळीत फिका पडत नाही. तो शरीरात फारसा शोषला जात नाही. तुम्ही जे बघत होतात ते विष नव्हतं. तुम्ही जे खाल्लं होतं तेच होतं. रंगाचा यात काही गुन्हा नाही, तो मिठाईतही चालतो. पण रोज आठ गोळ्यांतून यांच्या पोटात साखर गेली, आणि साखरेवरचं औषध बंद होतं."

बाकीचं जळगावला झालं. तुम्ही सुरुवातीला जे वाचलं नव्हतं, ते मंगळवारी सकाळी साडेअकराला झालं. मी सर्जनना विचारलं, रविवारच्या त्या एका तासाने फरक पडला का? ते म्हणाले, "तासाने नाही. महिन्यांनी पडला." ते महिने मी काउंटरमागे हसण्यात घालवले होते.

दादीने शुद्धीवर आल्यावर पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता सुई तू द्यायची. वेळेवर. आणि देताना बोलायचं नाही." मी देतो. बोलत नाही.

हितेंद्रवर गुन्हा नोंदला गेला आहे. पुढच्या रविवारी तरीही चाळीसेक माणसं गोदामापाशी येऊन कुलूप बघून गेली. भटूआबा परवा दुकानात आले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "मॅडमचं पटलं मले. सगळं पटलं. पण थोडं तं निघालं असंल ना रे?"

नाही आबा. थोडंही नाही. शरीराला नको असलेली घाण मूत्रपिंड आणि यकृत रोज बाहेर काढतात, फुकट, आणि त्याला टाळ्या पडत नाहीत. जो कोणी डोळ्यांना दिसणारा पुरावा देतो, त्याला एकच विचारा: हे तुम्ही दिलेलं न खाता होतं का? आठ दिवस बंद ठेवून बघा. आणि कोणी चालू औषध थांबवायला सांगितलं, तर पुढचं काही न ऐकता उठून घरी जा. पण माणसाला डोळ्यांना दिसलं तेच खरं वाटतं, आणि शुगर दिसत नाही. म्हणून मी पुढील अर्ज केला आहे.

प्रति,
सक्षम प्राधिकारी (मानवी शरीररचना विभाग)

विषय: रक्तातील साखरेस रंग मंजूर होणेबाबत.

महोदय,
वरील विषयान्वये विनंती करण्यात येते की, रक्तातील साखर विहित मर्यादेबाहेर गेल्यास संबंधित इसमाच्या कपाळावर ठळक हिरवा रंग आपोआप उमटेल व उपचार सुरू होईपर्यंत पुसला जाणार नाही, अशी कायमस्वरूपी तजवीज करण्यात यावी. सदर रंग कुटुंबीयांस, विशेषतः हसणाऱ्या कुटुंबीयांस, लांबून दिसेल इतका गडद असावा. तसेच हा आदेश मागील आषाढापासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.