भिंतीबाहेरची माती

शनिवार हा राखणदाराच्या घरी कपडे धुण्याचा दिवस. दफनभूमीच्या फाटकाला लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. मागच्या दगडावर धाकटी बापाचा सदरा घासत बसलेली असे, पण कितीही घासला तरी बाह्यांवरची माती पुरती निघत नसे. रविवारी तोच सदरा घालून बाप दोन्ही लेकींना ख्रिस्ती देवळात उपासनेला नेई आणि कुणी न सांगताच शेवटच्या बाकावर बसे. मंडळीतली माणसं काही वाईट नव्हती. हसून बोलत, फक्त हात पुढे करत नसत. ज्या हातांनी आपल्या आईबापांवर माती लोटली, ते हात हातात घ्यायला माणसाला नको वाटतं.

बाप मात्र मजेत असे. "आपले शेजारी बघा," तो म्हणे, "भांडण नाही, तंटा नाही. वाटीभर साखरही कधी मागायला येत नाहीत."

आई धाकटीच्या जन्माच्या वेळीच गेली होती. थोरलीनेच तिला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या. अक्षरंही तिनेच शिकवली, आणि तीही कबरींच्या दगडांवरून. धाकटी बोट फिरवत एकेक नाव वाचायची. वाचता वाचता ती एकदा मागच्या भिंतीपाशी पोचली आणि दगडावर चढून पलीकडे डोकावली. तिकडे नुसती काटेरी झुडपं आणि मातीचे छोटे छोटे उंचवटे. एकही दगड नव्हता.

"बाबा, तिकडच्यांना नावं नाहीत?"

बाप खोऱ्याला टेकून उभा राहिला. "नावं ठेवणारे पुष्कळ होते गं," तो म्हणाला. "नाव देणारं कुणी नव्हतं."

रीतच होती तशी. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला कुणी दारात उभं करायचं नाही, देवळाची पायरी तिला बंद. तिचं मूल दगावलं तर त्याला आत जागा नाही आणि त्याच्यासाठी प्रार्थना नाही. भिंतीला पलीकडे जायला दारच ठेवलेलं नव्हतं. गाठोडी लहानच असत, ती वरून पलीकडे देता येत.

थोरली मोठी झाली आणि मंडळीच्या मुख्य पंचांच्या घरी स्वयंपाकपाण्याला जाऊ लागली. मोठं घर, देवाचं नाव घेतल्याशिवाय तिथे कुणी घास तोंडात घालत नसे. त्या घरातला थोरला मुलगा रविवारी पहिल्या बाकावर बसून खणखणीत आवाजात गाई. एका दुपारी थोरली अवेळीच घरी आली, चुलीपाशी बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. काय झालं ते बापाने विचारलं नाही. वाढलेलं पोट आधी डोळ्यांनाच दिसलं होतं, मग पंचांच्या मुलाचं नाव कानांनाही ऐकावं लागलं.

तो पंचांकडे गेला आणि टोपी हातात घेऊनच परतला. "ती घरात राहिली तर काम आणि खोल्या दोन्ही सोडा म्हणाले. रीत मी केलेली नाही, म्हणाले."

"आणि त्यांचा मुलगा?" धाकटीने विचारलं.

"त्याचं नाव नाही काढलं त्यांनी."

"तुम्ही काढलंत?"

बापाने टोपी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी थोरलीने कपड्यांचं बोचकं बांधलं. कुठे जाणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. जाताना तिने धाकटीची वेणी सोडली आणि पुन्हा घट्ट घातली.

ती परत आली ती ऐन थंडीत, दिवेलागणीला. दारावर थाप पडली. "बाबा, मी आहे. दार उघडा ना. फार दुखतंय."

धाकटी ताडकन उठली. बापाने तिचं मनगट धरलं. पकड सुटली नाही. "उघडलंस तर तिघंही रस्त्यावर येऊ," तो कसाबसा म्हणाला. धाकटी रडली, त्याच्या हाताला चावली. बाहेर थाप पडत राहिली, मग हळू झाली, मग थांबली.

सकाळी अवजारांच्या खोपट्याचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत कुदळींच्या शेजारी थोरली पडली होती आणि पदरात गुंडाळलेलं बाळ तिच्या छातीशी होतं. दोघंही थंड झाली होती.

बापाने दोघांना हातगाडीवर घेतलं आणि लांबच्या रस्त्याने वळसा घालून भिंतीबाहेर नेलं. खड्डा त्यानेच खणला. उपासना चालवणारे म्हातारे पाळक आले, पण भिंतीच्या आतल्या बाजूलाच उभे राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं आणि खाली मान घालून निघून गेले.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला थाप ऐकू येऊ लागली.

धाकटीला आधी वाटलं, आपल्यालाच भास होतो. मग तिने पाहिलं की त्याच वेळी बाप हातातला घास ताटात ठेवतो, उठतो, दार उघडतो, अंधारात बघत उभा राहतो आणि पुन्हा दार लावतो. एकदा न राहवून तिने विचारलं, "बाबा, तुम्हालाही ऐकू येतं?"

"जेव तू," बाप म्हणाला.

त्या घरात मग हसणं उरलं नाही. शेजाऱ्यांवरचा विनोद बापाने पुन्हा कधी केला नाही. ज्यांच्याशी आयुष्यभर गुण्यागोविंदाने राहिला, त्या मेलेल्यांची आता त्याला भीती वाटू लागली होती. खरं तर त्यांची नाही, एकीचीच.

धाकटी गावातल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात कामाला लागली. फरशी पुसणं, रक्ताच्या चादरी धुणं हे तिचं काम. त्या कामाला कुणी तयार नसे, हिचे हात मात्र मातीत वाढलेले. चादरी धुताना तिच्या मनात एकच येई: त्या खोपट्यात एक जाणती बाई असती, गरम पाणी असतं, तर? ती पडद्याआडून बघू लागली. तिथल्या थोरल्या नर्सने ते हेरलं आणि एक दिवस म्हणाली, "चोरून काय बघतेस? हात धू आणि इकडे ये." तिथून तिचं शिकणं सुरू झालं. पहिलं जिवंत मूल हातात आलं तेव्हा आजूबाजूच्या बायका हसल्या आणि ही मात्र ओक्साबोक्शी रडली.

वर्षं गेली. बाप वाकला. थाप काही चुकली नाही, आणि त्याचं उठून दार उघडणंही.

अशाच एका संध्याकाळी तो उठला, त्याने दार उघडलं आणि तो तसाच खिळून उभा राहिला. धाकटीने मागून पाहिलं. उंबऱ्याबाहेर खरीच एक मुलगी उभी होती. शिंप्याची लेक, पोट पुढे आलेलं, पाय अनवाणी. घरच्यांनी हाकलून दिलं होतं. कुठेच थारा मिळाला नाही, म्हणून रात्रीपुरता खोपट्याचा आडोसा मागायला आली होती.

"ये बाळ," बाप म्हणाला. "किती उशीर लावलास."

मुलगी बावरली. तो कुणाशी बोलत होता ते तिला कसं कळावं? धाकटीला कळलं. तिने पुढे होऊन मुलीला आत घेतलं आणि चुलीवर पाणी चढवलं. काही दिवसांनी त्याच खोलीत, धाकटीच्या हातांत, एक मुलगी जन्मली आणि सगळी दफनभूमी दणाणून जाईल अशी रडली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पंच दोघा सोबत्यांना घेऊन दारात आले.

"ही देवळाची जागा आहे," ते म्हणाले. "इथे असलं चालणार नाही."

धाकटी बाळाला खांद्यावर थोपटत होती. "देवळाची आहे म्हणूनच ठेवलंय, साहेब. आपल्या प्रभूच्या आईलाही सगळ्यांनी जागा नाही म्हणून सांगितलं होतं. गोठ्याच्या मालकाने रीत विचारली असती, तर आपण आज कुणाची उपासना केली असती?"

"तोंड सांभाळून बोल!"

"जोराने बोलू नका, बाळ आत्ताच झोपलंय."

पंच बापाकडे वळले. "तू तरी शहाणा आहेस. मागे एकदा तू बरोबर वागला होतास."

बाप आत गेला आणि फाटकाच्या किल्ल्या घेऊन आला. त्या त्याने ओसरीवर ठेवल्या, वर आपली कुदळ ठेवली.

"त्या बरोबर वागण्याने माझी पोर गेली, साहेब. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिच्यासाठी दार उघडतो. आता हे दार मी लावणार नाही. काम नको असेल तर ह्या किल्ल्या घ्या. उद्या कुणी गेलं, तर खड्डा तुम्ही खणा."

पंचांनी सोबत्यांकडे पाहिलं. सोबत्यांनी कुदळीकडे पाहिलं. किल्ल्या कुणीच उचलल्या नाहीत.

तिथून सुरुवात झाली. शिंप्याच्या लेकीनंतर दुसरी आली, मग तिसरी. फाटकाच्या दोन खोल्यांना बापाने स्वतःच्या हातांनी तिसरी खोली जोडली आणि मग तो वारला. पुढे धाकटीने लगतच्या पडीक जागेवर सूतिकागृह उभं केलं, शेजारी टाकून दिलेल्या मुलींसाठी घर. लांबलांबच्या गावांहून मुली येऊ लागल्या, आणि डॉक्टरही, कामाची पद्धत बघायला. लोक तिला धाकट्या बाई म्हणू लागले. जी मंडळी तिच्याशी हात मिळवत नव्हती, ती आपल्या सुना तिच्या हाती सोपवू लागली. तिची थोरवी सांगताना पाहुण्यांना नेहमी एक गोष्ट सांगितली जाई, की बाईंच्या घराचं दार दिवेलागणीला कधी लावलेलं नसतं. पाहुणे म्हणत, केवढी ही माया!

माया होतीच. पण उघड्या दारावरही थाप पडते, हे धाकट्या बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रोज हातातलं काम टाकून उठत आणि उंबऱ्याशी जात. कितीतरी मुली त्या दारातून आत आल्या, वाचल्या, सुखी झाल्या. जी यायला हवी होती ती कधीच आली नाही. प्रार्थनेत त्यांनी स्वतःसाठी कधी शांती मागितली नाही. शांती मिळाली असती, तर कदाचित दार लावून घेतलं असतं, असं त्यांना वाटे.

त्या गेल्या तेव्हा पाळक आणि पंच एकत्र जमले. मुख्य पंचांच्या जागी आता त्यांचा मुलगा होता, म्हातारा झालेला, अजूनही पहिल्या बाकावर बसणारा. देवळाच्या पायरीशी, सगळ्यात मानाच्या ठिकाणी बाईंना जागा द्यावी असं ठरलं. पण बाईंनी जाण्याआधी निक्षून सांगून ठेवलं होतं: मला भिंतीबाहेर ठेवा, माझ्या ताईपाशी.

"बाहेर कसं न्यायचं?" तरुण पाळक म्हणाले. "तिकडे दारच नाही, लांबचा वळसा घालावा लागेल."

सूतिकागृहातल्या आया, नर्सा, कधीकाळी त्या घरात आसरा घेतलेल्या आणि आज पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका खोपट्यात गेल्या आणि हाताला लागेल ते घेऊन बाहेर आल्या. शिंप्याच्या लेकीची ती मुलगी, आता स्वतः दोन लेकरांची आई, तिने पहिला घाव घातला. जुन्या चुन्याची भिंत होती, ढासळायला फार वेळ लागला नाही.

खिंडारातून शवपेटी पलीकडे गेली. मागोमाग सगळी मंडळी काटे चुकवत, कपडे सावरत बाहेर गेली. तरुण पाळकांनी पुस्तक उघडलं. त्या जमिनीवर आजवर कुणीच केली नव्हती ती प्रार्थना त्यांनी मोठ्याने सुरू केली. एकीसाठी सुरू केलेले शब्द बाजूच्या सगळ्या उंचवट्यांवरून वाऱ्याने पसरत गेले. एका ठिकाणी पाळकांचा आवाज अडखळला, कारण पायाखाली किती जण आहेत हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

सगळे पलीकडे गेले होते, फक्त म्हातारे पंच खिंडारापाशी टोपी हातात घेऊन उभे होते. पायाशी भिंतीचे चार दगड पडलेले होते, ओलांडायला मुळीच कठीण नव्हते. कुणी त्यांना ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. प्रार्थना संपत आली तरी ते तिथेच होते. समोर थोरलीचा उंचवटा होता आणि तिच्या कुशीत, नाव नसलेलं, त्यांचं स्वतःचं मूल.