मतापायी लगीन

मानवतच्या बाजारात गुरुसिद्धप्पाचं कापूस-सरकीचं दुकान होतं आणि त्या दुकानाला महालिंग नावाचा एक मुलगा होता. हे उलटं सांगितल्यासारखं वाटेल, पण गुरुसिद्धप्पाच्या हिशेबी ते असंच होतं. आधी दुकान, मग पोरगं. पोरगं परभणीला राहून मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकून आलं, तरी गादीवर आप्पा, म्हणजे गुरुसिद्धप्पा, बसायचे आणि महालिंग गादीच्या कडेला. कडेलाही अशा बेतानं, की कुणी बडा अडत्या आला तर त्याला उठून जागा देता यावी.

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे पंचावन्न साल होतं, म्हणजे इंग्रजी १९४५-४६. बहमन महिन्यात, ऐन थंडीत, गावात दवंडी आली. जिल्ह्याच्या बोर्डावर आता सरकारनं नेमलेलीच नव्हे, तर रयतेनं निवडलेली माणसंही बसणार. मात्र ज्यानं त्यानं आपापल्या पेशातून मत द्यायचं. व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला, जमीनवाल्यानं जमीनवाल्याला, वकिलानं वकिलाला. एकवीस वर्षं पुरी झालेल्यांनी तालुक्याच्या कचेरीत जाऊन यादीत नाव घालावं.

महालिंगाला बाविसावं लागलं होतं. त्याचा एक मावसभाऊ सोलापूरला, इंग्रजांच्या हद्दीत राहायचा. त्यानं तिथल्या निवडणुकीत मत टाकलं होतं, आणि त्याला आता आठ-नऊ वर्षं होऊन गेली तरी दर भेटीत तो तेच सांगायचा. कसा नवा कोट घालून गेलो, पेटीच्या फटीत चिठ्ठी कशी अडकली, आणि टोपीवाल्या साहेबानं कशी मान लववून वाट दिली. महालिंगाला आजवर कुणी मान लववून वाट दिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तो व्यंकटीला घेऊन तालुक्याला निघाला. व्यंकटी त्याचा लहानपणचा दोस्त. दुसऱ्याची दहा एकर जमीन बटईनं करायचा.

कचेरीत बन्सीधर बसले होते, कागदपत्रं सांभाळणारे पेशकार. मूळचे हैद्राबादचे. पानाचा तोबरा सांभाळत बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे ते मान वर करूनच बोलत आणि समोरच्याला आपण फारच खाली उभे आहोत असं वाटे.

"पेशा?" त्यांनी विचारलं.

"व्यापार," महालिंग म्हणाला.

"दुकान किसके नाम पे?"

"आप्पांच्या."

"मग व्यापार आप्पांचा. तुमचा काय?"

"मी दुकानात बसतो."

"दुकानात मांजर बी बसते," बन्सीधर म्हणाले. "जमीन?"

"काकांच्या नावावर हाय."

"डिग्री?"

"मॅट्रिक झालोय."

"मॅट्रिक म्हणजे डिग्री नव्हे." त्यांनी यादी मिटली. "देखो मियाँ, जिसका पेशा नहीं, उसकी राय नहीं. तुम्ही अजून कोणीच न्हाईत. कोणीतरी झाले की या."

मग त्यांनी व्यंकटीकडं बघितलं. व्यंकटीनं आपण होऊनच सांगितलं, की मी शेतकरी, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत शेतात असतो. जमिनीचा पट्टा कुणाच्या नावावर, असं त्यांनी विचारलं. पट्टा मालकाचा, आणि मालक राहतो औरंगाबादला.

"मग मत मालकाचं. मत जमिनीला असतं, नांगराला नसतं."

बाहेर आल्यावर व्यंकटी पोट धरून हसला. "चल, बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटलं मी एकटाच कोणी न्हाई. तू तर उर्दू शिकून बी कोणी न्हाईस."

महालिंगाला हसू आलं नाही. घरी पोचेपर्यंत त्याच्या मनात 'कोणीच न्हाईत' हेच घोळत राहिलं. त्यानं त्याच दिवशी आप्पांना गाठलं आणि दुकानात आपलं नाव भागीदार म्हणून लावा म्हणाला.

गुरुसिद्धप्पानं शांतपणे ऐकून घेतलं. त्यानं स्वतः गेल्याच आठवड्यात व्यापाऱ्यांच्या जागेसाठी उमेदवारीचा अर्ज भरला होता. सगळ्या बाजाराला त्याचं नवल वाटलं होतं, कारण गुरुसिद्धप्पा चार माणसांत बोलायला उभा राहिला की त्याला ठसका लागायचा.

"लावतो की," आप्पा म्हणाले. "पण भागीदार व्हायला माणूस जबाबदार लागतो. लगीन कर, दुसऱ्या दिवशी नाव लागलं म्हणून समज."

हे जुनं दुखणं होतं. महालिंग दोन वर्षं लग्नाला नाही म्हणत होता. पुढं शिकायचं, बायको बोलून-चालून पारखून करायची, असल्या परभणीत शिकलेल्या गोष्टी तो सांगायचा, आणि आप्पा त्या ऐकून कानात काडी घालायचे. आता मात्र तो दोन दिवस विचार करत राहिला. शेवटी म्हणाला, "नाव आधी लावा. मग लगीन."

"साखरपुड्याला लावतो," आप्पा म्हणाले. दोघं व्यापाऱ्याच्या घरातले. सौदा मधल्या आकड्यावर पटला.

मुलगी होती गंगाखेडच्या चन्नप्पांची, चन्नबसम्मा. चन्नप्पा म्हणजे मोठं घर. गुरुसिद्धप्पानं पूर्वी दोनदा मध्यस्थ पाठवला होता आणि दोन्ही वेळा 'आमी सरकीवाल्याच्या घरात पोरगी देत न्हाई' असा निरोप आला होता. या खेपेला चन्नप्पा कसे वळले, हे महालिंगानं विचारलं नाही. गंमत अशी, की व्यापाऱ्यांच्या त्याच जागेसाठी चन्नप्पाही उभे होते. उमेदवार दोनच, एक हा बाप आणि एक तो सासरा.

महालिंगाला यात फार थोर काहीतरी दिसलं. "बघ," तो व्यंकटीला म्हणाला, "निवडणुकीत एकमेकांविरुद्ध आणि घरात व्याही. याला म्हणतात सुधारणा."

"मत कुणाला देणार मग?"

या प्रश्नानं महालिंगाची भूक गेली. बापाला द्यावं तर सासुरवाडीचा मान जातो, सासऱ्याला द्यावं तर घरात राहणं मुश्कील. त्यानं एक कागद घेऊन दोघांचे गुण लिहायला घेतले. आप्पांच्या बाजूला 'कष्टाळू' लिहिलं. चन्नप्पांच्या बाजूला बराच वेळ काहीच सुचलं नाही, तेव्हा तिथंही 'कष्टाळू' लिहिलं. एकदा धीर करून त्यानं आप्पांना विचारलंसुद्धा, की निवडून आलात तर बोर्डावर काय करणार. आप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं, की जणू त्यानं सरकीला फळं कधी लागतात असं विचारलं होतं.

साखरपुडा झाला, भागीदारीचा कागद झाला. महालिंग तालुक्याला गेला आणि बन्सीधरांनी यादीत उर्दूत नाव घातलं, महालिंग वल्द गुरुसिद्धप्पा, ताजिर. महालिंगानं ते तीनदा वाचलं. ताजिर म्हणजे व्यापारी. म्हणजे कोणीतरी.

दवंडीनंतर दोन महिन्यांनी, फरवर्दीत लग्न लागलं. स्वामी आले, अक्षता पडल्या, गंगाखेडची माणसं मानवतच्या माणसांपेक्षा चार घास जास्तच जेवली. चन्नबसम्मा अठरा वर्षांची, सावळी, कमी बोलणारी. पण जे बोलायची ते ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही आठवायचं. नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात तिला मत म्हणजे काय, पेटी कशी असते, सोलापूरच्या भावाला साहेबानं कसा मान दिला, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आणि बायांना?"

"बाया पेशात येत न्हाईत ना."

"बरं," ती म्हणाली, आणि भाकरी उलटायला वळली.

मतदान पुढं दीडेक महिन्यानं, खुर्दादमध्ये होतं. त्या दिवशी महालिंगानं लग्नातला कोट घातला, फेटा बांधला आणि तालुक्याला गेला. कचेरीच्या ओसरीवर एक शिपाई पाय पसरून चिंचोके सोलत होता. पेटी नाही, साहेब नाही, माणसांची रांग नाही. महालिंगाला वाटलं आपण लवकर आलो. तो तासभर झाडाखाली उभा राहिला. फेट्याखालून घाम गळायला लागला, तेव्हा आत गेला.

"पेटी कुठं ठेवलीय?" त्यानं बन्सीधरांना विचारलं.

बन्सीधरांनी आज मान खाली केली, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं. "कसली पेटी? व्यापाऱ्यांची जागा बिनविरोध झाली. चन्नप्पा निवडून आले. तुमच्या वालिदांनी अर्ज वापस घेतला, दीड महिना झाला."

"घरात कुणी बोललं न्हाई."

"कागद हाय ना." त्यांनी फायलीतून तो काढून पुढं केला.

खाली गुरुसिद्धप्पाची वळणदार मोडी सही होती. वर उर्दूत तारीख. महालिंगानं ती वाचली आणि पुन्हा वाचली. त्याच्या हळदीचा दिवस होता तो. अंगाला हळद लागत असताना आप्पा 'जरा कामानं जाऊन येतो' म्हणून टांग्यानं गेले होते आणि चन्नप्पांचा मुनीम त्यांच्यासोबत होता, हे त्याला आता आठवलं. चन्नप्पांना जागा हवी होती. आप्पांना मोठ्या घरची सून हवी होती. अर्ज भरला तो मागं घेण्यासाठीच.

घरी येऊन त्यानं आप्पांना विचारलं. आप्पा खोटं बोलले नाहीत, त्यांना त्यात खोटं बोलण्यासारखं काही वाटलंच नाही.

"दोनदा नाकारली होती पोरगी त्यांनी," ते म्हणाले. "सरळ मागून मिळंना, म्हणून अर्ज भरला. त्याला बोर्डाची लय हौस. मला न्हाई. सगळ्यांचं भलं झालं. तुला काय पाहिजे होतं?"

"मत."

"मग यादीत नाव हाय की तुजं. कुणी पुसलंय का ते?"

महालिंग आत गेला आणि फेटा खुंटीला अडकवून भिंतीकडं तोंड करून बसला. चन्नबसम्मानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिनं बाहेरचं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी मला एका कागदावर देऊन टाकलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुमी निदान चार महिने खुशीत तरी होता. मला तर कुणी हो का न्हाई एवढं बी विचारलं न्हाई."

महालिंगाला स्वतःच्या मताचं इतकं दुःख झालं होतं, की ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. तो शरमला. भिंतीकडचं तोंड तिच्याकडं वळवून म्हणाला, "मी बी विचारलं न्हाई तुला."

"न्हाई विचारलं."

"आता विचारलं तर?"

"आता विचारून काय उपेग," ती म्हणाली. मग म्हणाली, "तक्रार करा. लिहिता येतंय ना तुमाला त्यांच्या भाषेत."

त्यानं लिहिली. चांगली तीन पानी, अस्सल उर्दूत. उमेदवारी हा लग्नाचा सौदा करून मागं घेतली गेली, मतदारांचा हक्क बुडाला, सबब निवडणूक रद्द व्हावी. बन्सीधरांनी ती वाचून भाषेची तोंड भरून तारीफ केली आणि पंधरा दिवसांनी शेरा मारून परत दिली, की अर्जदाराला सदर सौद्यात बायको मिळालेली असल्यानं त्याचं नुकसान झाल्याचं दिसत नाही.

ही तक्रार चन्नप्पांच्या कानावर गेलीच. त्यांनी जावयाला गंगाखेडला बोलावून घेतलं. महालिंग रेल्वेत बसला तेव्हा काय काय उत्तरं द्यायची हे मनात रचत होता, आणि सोबत निघालेली चन्नबसम्मा खिडकीबाहेर बघत होती.

चन्नप्पा गादीवर बसले होते. त्यांच्यापुढं बोर्डाकडून आलेल्या कागदांचा गठ्ठा होता, आणि वरचा कागद उलटा होता.

"जावईबापू, माझ्याविरुद्ध अर्ज तुमीच दिला?"

"हो."

"उर्दू लय चांगलं हाय म्हणतेत तुमचं." त्यांनी गठ्ठा पुढं सरकवला. "मला ह्यातलं अक्षर कळत न्हाई, बैठकीत बोलतेत ते बी न्हाई. बैठकीत सगळे हात वर करतेत, मी बी करतो. एकदा माझ्याच जिनिंगशेजारून नाली काढायला हात वर केला. तुमी वाचून सांगत जा, कुठं करायचा आणि कुठं न्हाई."

महालिंगानं गठ्ठा घेतला. सोप्यात बसून तो वाचायला लागला, आणि चन्नबसम्मा दाराआड उभी राहून ऐकायला लागली. तिसऱ्या कागदावर एका वकिलाचा ठराव होता, मानवतला मुलींसाठी शाळा उघडावी. तिला तो कागद त्यानं दोनदा वाचून दाखवला.

"आमचे आप्पा ह्याला हात वर करणार न्हाईत," ती म्हणाली. "मला चौथीतनं काढली त्यांनीच."

"मग?"

"मग तुमी सांगा ना काय लिहिलंय ते."

महालिंगानं सासऱ्याला सांगितलं, की तिसरा कागद मानवतला कापसासाठी शेड बांधायचा आहे, ओल्यात माल भिजतो म्हणून. समासात मराठीत मोठ्या अक्षरांनी लिहून दिलं, 'इथं हात वर.' चन्नप्पांनी बैठकीत सगळ्यांच्या आधी हात वर केला. त्यांच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसानं केला म्हणून आणखी चौघांनी केला. ठराव पास झाला. वकिलानं भर बैठकीत उठून चन्नप्पांना हार घातला आणि स्त्रीशिक्षणाचा कैवारी म्हटलं. चन्नप्पा बावचळले, पण हार काढला नाही.

शाळेचं उद्घाटन झालं तेव्हा तेच पाहुणे होते. मुलींचं शिक्षण हा आपल्या जीवाचा विषय कसा आहे, लहानपणापासून कसा आहे, यावर ते अर्धा तास बोलले, आणि मध्ये एकदा त्यांचे डोळेही भरून आले. मागच्या रांगेत चन्नबसम्मानं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

पुढच्या रांगेत गुरुसिद्धप्पा बसला होता. टाळ्या वाजत होत्या, हार येत होते, तालुक्याचे बन्सीधर स्वतः उठून चन्नप्पांना मान लववून वाट देत होते. गुरुसिद्धप्पानं बराच वेळ ते बघितलं. मग शेजारी बसलेल्या महालिंगाच्या कानाशी वाकून तो हळूच म्हणाला, "अर्ज मागं घ्यायला नको होता रे."